भिंतीपलीकडची दुपार

आमच्या घरी सुट्टीची तयारी गाद्यांपासून सुरू होते. सप्टेंबरात बेटावरचं घर बंद करताना जी बाई शेवटी बाहेर पडते, ती पुढच्या उन्हाळ्याच्या गाद्या घालून मगच कुलूप लावते. कोण कुठल्या खोलीत झोपणार, कोणाच्या शेजारी कोण, हे तेव्हाच ठरतं. वर चादर टाकायची, उशाशी मूठभर लवंगा ठेवायच्या आणि दार ओढून घ्यायचं. गादी घातली की माणूस परत येणारच, असं माझ्या सासूबाई मानायच्या. त्यांच्यामागे हे काम थोरल्या सुनेकडे, म्हणजे माझ्या जाऊबाईंकडे, शेदलियाकडे गेलं. मी धाकटी. मला कोणी कधी काही विचारलं नाही.

मागच्या वर्षी जूनमध्ये घर उघडायला मी पहिल्यांदाच एकटी गेले. जाऊबाई हिवाळ्यात वारल्या होत्या, आणि त्यानंतर थोरल्या दिरांनी बेटाचं नावच टाकलं होतं. स्फाक्सच्या धक्क्यावरून आमच्या केरकेना बेटाची बोट सुटली तेव्हा माझ्या पायाशी चुन्याची पिशवी होती, फिनेल होतं, रवा होता, लाल मिरचीच्या चटणीची बरणी होती. किल्ली मी गळ्यात घातली होती. तिला इतक्या वर्षांत माझा हात लागला नव्हता. बोटीत बाकीच्या बायका गप्पा मारत होत्या, सूर्यफुलाच्या बिया सोलत होत्या. मी मनातल्या मनात खोल्या वाटत होते. समुद्राकडची खोली माझी. माझी आणि सिरीनची.

सिरीन माझी एकुलती एक मुलगी. परदेशात, लियोंला दवाखान्यात नोकरी करते, बऱ्याच दिवसांनी येणार होती. फोनवर म्हणाली, "आई, मी थेट बेटावरच येते गं. स्फाक्सला दोन दिवस उकाड्यात कशाला काढायचे? मोठ्या आईची खोली उघडशील ना?"

मोठी आई म्हणजे शेदलिया. मी नुसती आई.

घर दोन्ही भावांचं मिळून. पुढे समुद्राकडची खोली, तिला निळ्या झडपांच्या दोन खिडक्या. तिच्या पाठीला पाठ लावून स्वयंपाकघराजवळची मागची खोली, तिला खिडकीच नाही. लग्न होऊन आले तेव्हा माझी गादी त्या मागच्या खोलीत घातली गेली, ती कायमची. पुरुष शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या बोटीने परत जायचे. बाकी आठवडाभर आम्ही दोघी जावा आणि सिरीन. जाऊबाईंना मूल नव्हतं. सिरीन चालायला लागली त्या उन्हाळ्यातच त्या म्हणाल्या, "दुपारचं तिला माझ्याकडे झोपू दे नझीहा. तुझ्या खोलीत वारा नाही, पोरीला घामोळं येईल."

बोलणं खरं होतं. म्हणून तर काही बोलता आलं नाही.

मग प्रत्येक दुपारी झडपा लागायच्या, बेट चिडीचूप व्हायचं, आणि मी मागच्या खोलीत पडून भिंतीपलीकडचं हसू ऐकायची. काय बोलतात ते कळायचं नाही. नुसतं हसू यायचं. एक जाडसर, एक बारीक. आमच्याकडे मुलांना दुपारच्या म्हातारीची भीती घालतात. भर उन्हात बाहेर पडलं तर ती धरून नेते. त्या वेळी कोणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही, कोणाचाही आवाज असो. बाकीची मुलं म्हातारीचं नाव काढलं की रडायची. सिरीन हसायची. एकदा दाराशी उभी राहून ऐकलं तेव्हा कळलं का ते. जाऊबाई तिला सांगत होत्या, "ती नेते त्याच मुलांना, ज्यांच्या आया दुपारी घोरत पडलेल्या असतात. तुला काय भीती? तुझी मोठी आई जागी आहे."

मीही जागीच असायची. एकाही दुपारी मी झोपले नाही. पण हे कोणाला सांगणार?

घरापाशी पोचले तर शेजारची मब्रूकामावशी आमच्या मागच्या भिंतीला टेकून बसली होती. ती आणि तिचा नवरा हिवाळ्यात मडक्यांनी ऑक्टोपस धरतात. दोरीला ओळीने मातीची मडकी बांधून समुद्रात सोडायची. ऑक्टोपसला वाटतं आयतं घर मिळालं, तो आत शिरतो, आणि मडकं वर ओढलं तरी घर सोडत नाही. उन्हाळाभर ती मडकी आमच्या भिंतीला रचून ठेवलेली असतात. मावशी त्यांच्यावरचे शिंपले सुरीने खरवडत होती. वाळलेल्या चिखलाचा आणि खाऱ्या मातीचा वास येत होता.

"आल्या का मालकीणबाई!" ती ओरडली. "किल्ली बघा कशी गळ्यात घातलीय, बकरीच्या घंटेसारखी."

"मावशी, मेलेल्या माणसाचं घर उघडायला आलेय. थट्टा सुचते तुला?"

"मेलेल्या माणसाचं होय? मला वाटलं स्वतःचं उघडायला आलीस." ती हसली, मग बाजूला ठेवलेलं एक मडकं पायाने पुढे सरकवलं. "हे बघ. याच्यात एक मादी बसली होती. मीठ टाकलं, उपडं केलं, आपटलं, बाहेरच येईना. आत अंडी घातली होती तिनं. अंडी घातली की ती खात नाही, हलत नाही, त्यांच्यावर बसल्या बसल्याच मरते."

"मग काय केलंस?"

"दिलं सोडून परत. पुढच्या खेपेला वर ओढलं तर आत दुसरीच! अंडी तिची नव्हती, पण अशी कवटाळून बसली होती की विचारू नकोस. पहिलीचा पत्ता नाही."

"पिल्लांना कळत नसेल?"

"पिल्लांना काय कळतंय? मडक्यात जी असेल ती आई." आणि तिने दुसरं मडकं उचललं.

बंद घर उघडताना उंबऱ्यावर उभं राहून "आम्ही आलोय" असं मोठ्याने म्हणायची पद्धत आहे. आत जे कोणी असेल त्याने बाजूला व्हावं म्हणून. मी म्हटलं, "मी आलेय."

आत लवंगांचा वास होता आणि त्याखाली आणखी एक. जिरॅनियमच्या पानांच्या सुगंधी पाण्याचा. जाऊबाई ते कॉफीत घालायच्या, मनगटांना लावायच्या. समुद्राकडच्या खोलीत दोन गाद्या घातलेल्या होत्या, एकमेकींना चिकटून. एक सिरीनची. दुसरी निळ्या पट्ट्यांची, जाऊबाईंची. मी मागच्या खोलीत गेले. तिथे माझी गादी. स्वच्छ चादर, उशाशी लवंगा, चादरीला एक सुरकुती नाही.

आदल्या सप्टेंबरात जाऊबाईंना बोटीपर्यंत खुर्चीत बसवून न्यावं लागलं होतं. आपण परत येणार नाही हे त्यांना नक्की ठाऊक होतं. तरी त्यांनी स्वतःची गादी घातली होती, माझ्या मुलीच्या शेजारी. आणि मेल्यावरही माझी जागा ठरवून ठेवली होती.

मी स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि निळ्या गादीचे टाके उसवले. आतली सगळी लोकर काढून टोपलीत भरली आणि समुद्रावर नेली. आमचा समुद्र उथळ आहे. कितीही आत गेलं तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. मी बरीच आत गेले आणि तिथे ती लोकर धुतली, पिळली, पुन्हा धुतली. परत आले तर मब्रूकामावशी बघत होती.

"अगं, वर्ष तरी होऊ द्यायचं."

"आजारी माणसाची गादी मावशी. धुवायलाच हवी."

"धुवायची म्हणून धुतलीस?"

"वाळली की नव्या खोळीत भरणार. मी झोपणार तिच्यावर. समुद्राकडे."

मावशीने टोपलीतल्या ओल्या लोकरीकडे बघितलं. ती खाली मान घालून शिंपले खरवडत राहिली.

लोकर वाळली, मी भरली, टाके घातले. माझी जुनी गादी मागच्या खोलीत होती तशीच राहू दिली. त्या दुपारी मी पहिल्यांदा समुद्राकडच्या खोलीत आडवी झाले. झडपांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या छतावर पडल्या होत्या, पाण्यासारख्या हलत होत्या. वारा येत होता. इतकी वर्षं असा वारा इथे येत होता आणि तो भिंतीपर्यंतच पोचत होता, असं मनात आलं. बाहेर मडक्यांच्या तोंडांतून वारा घुमत होता. मग तोही थांबला.

तेव्हा मला मागच्या खोलीतून आवाज आला.

गादीतली लोकर दबते तसा. कोणीतरी कूस बदलली. थोड्या वेळाने उसासा आला. मोठा नव्हता, पण आत खोलवरून आलेला. मग पुन्हा कूस. तो आवाज मी चांगला ओळखत होते. त्या भिंतीपलीकडे पडून झोप न येणाऱ्या बाईचा आवाज होता तो. फक्त या वेळी मी अलीकडे होते.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, वाटला तो आनंद. मी छताकडे बघत हळूच म्हटलं, "आता तुम्ही ऐका, जाऊबाई."

पलीकडचा आवाज थांबला. जिरॅनियमचा वास आला आणि गेला.

सिरीन आली ती बोटीतून उतरतानाच माझ्या गळ्यात पडली. बारीक झाली होती, केस कापले होते. खोली बघून दारातच थबकली. "मोठ्या आईची गादी कुठे गेली?"

"धुऊन भरलीय. आता माझी आहे."

तिने खोळीवरून एकदा हात फिरवला आणि बॅग उघडायला बसली.

पहिल्या दुपारी ती माझ्या शेजारी झोपली. तिचा हात माझ्या हाताला लागत होता. मी भिंतीकडे तोंड करून पडले, कारण मला रडू येत होतं आणि ते तिला दिसू द्यायचं नव्हतं. तशीच मला झोप लागली असावी. कशी झोप होती ती कोण जाणे... ओल्या लोकरीखाली दबल्यासारखी. कान जागे होते, पण हात हलत नव्हता. आणि मला हसू ऐकू आलं.

भिंतीपलीकडून. मागच्या खोलीतून. एक जाडसर, एक बारीक.

मी उठण्याची धडपड केली. मोठ्या कष्टाने शेजारी हात नेला तर सिरीनची गादी रिकामी होती, अजून गरम. पुन्हा हसू आलं. उठून बसता आलं तेव्हा झडपांच्या फटींतलं ऊन उतरलं होतं आणि सिरीन स्वयंपाकघरात कलिंगड कापत होती.

"झोप झाली आई?"

"तू कुठे होतीस?"

ती माझ्याकडे बघून हसली, गंमत केल्यासारखी. बी काढून कलिंगडाची फोड तिने माझ्या तोंडात घातली. "इथेच की."

मी स्वतःला समजावलं, मैत्रिणींशी फोनवर बोलत असेल. मला झोपू द्यावं म्हणून पलीकडे जात असेल. पण दुसऱ्या दुपारी तेच, तिसऱ्या दुपारी तेच. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली, अंगात जीव नाही, आणि पलीकडे हसू. मी सगळ्या खोल्या माझ्या केल्या होत्या आणि तरी माझी मुलगी भिंतीच्या पलीकडेच होती.

तुम्ही म्हणाल, विचारलं का नाहीस सरळ? कसं विचारणार? इकडे दुपार सरली की सिरीन इतकी लाडात यायची माझ्या. संध्याकाळी समुद्रात पाय सोडून बसलो की माझ्या खांद्यावर डोकं ठेवायची. लहानपणी कधी ठेवलं नव्हतं. एकदा म्हणाली, "आई, मी तुला ओळखतच नव्हते गं." माझा नवरा मुख्तार शनिवारी आला तेव्हा मला एकटीला गाठून म्हणाला, "काय जादू केलीस पोरीवर? सारखी तुझ्या मागे मागे." इतक्या वर्षांनी हे हाताशी आलं होतं. एका प्रश्नाने ते निसटलं असतं तर?

तिच्या परतीच्या आदल्या दुपारी मात्र मला राहवलं नाही. पलीकडे कुजबूज चालली होती. मग हसू. मग पुन्हा कुजबूज. मी सगळा जोर एकवटला. शरीर हललं नाही, पण आवाज फुटला.

"सिरीन..."

हसू एकदम थांबलं. घरभर शांतता पसरली. मडक्यांतला वारासुद्धा थांबला.

"सिरीन... बाळा..."

कोणी ओ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर तिने मला घट्ट मिठी मारली. "अशी सुट्टी कधीच झाली नव्हती आई," म्हणाली, आणि बोटीत चढल्यावर वाकून कानात पुटपुटली, "एकटी राहू नकोस तिथे फार."

सप्टेंबरात घर मी बंद केलं. समुद्राकडच्या खोलीत दोन गाद्या घातल्या, एकमेकींना चिकटून. मागच्या खोलीतली गादी मब्रूकामावशीला देऊन टाकली. तिने ती घरात नेली नाही, मडक्यांखाली अंथरली. त्या खोलीत मी मोडक्या खुर्च्या, जाळी, रिकाम्या बरण्या असं सगळं छतापर्यंत भरलं आणि दार ओढून घेतलं. कोणाला बसायला जागा म्हणून ठेवली नाही.

आता पुन्हा जून आलाय. बोट उद्याची आहे. चुना आणलाय, किल्ली उशाशी काढून ठेवलीय. काल जेवणं झाल्यावर मुख्तार आतल्या खोलीत घोरत होता, मी झडपा लावून आडवी झाले होते, तेवढ्यात सिरीनचा फोन आला. सुट्टीचं ठरवायला.

"आई, या वर्षी थोडेच दिवस मिळालेत. शुक्रवारच्या बोटीने येते. आणि मागची खोली उघडून ठेव हं."

"मागची? तिथे अडगळ भरलीय गं. वारा नाही तिथे."

"मग काढ ना अडगळ. आपण बसणार कुठे?"

"आपण?"

"दुपारी." ती हसली. "खरं सांगू? मला कधी वाटलंच नव्हतं तुला इतक्या गोष्टी येतात म्हणून. लहानपणी तू नेहमी झोपलेली. मोठी आईच काय ती बोलायची. वर्षभर मी त्या दुपारीच आठवतेय."

"सिरीन... दुपारी मी तुझ्या शेजारी होते. समुद्राकडे."

"आई, पुरे. तूच म्हणाली होतीस, हा विषय काढायचा नाही."

"कुठला विषय?"

ती आवाज खाली आणून म्हणाली, "तिचा. समुद्राकडच्या खोलीतल्या बाईचा... पहिल्या दिवशी मला वाटलं, मी तुझ्याच शेजारी झोपलेय. मग तू मागून हाक मारलीस. उठून बघते तर तू तिकडे मागच्या खोलीच्या दारात उभी. आणि गादीवर... भिंतीकडे तोंड करून..."

"कोण?"

"तूच सांग. मी चेहरा कुठे बघितला? आपण हसलो की उसासे टाकायची. शेवटच्या दिवशी तर तिनं मला नावानं हाक मारली. हुबेहूब तुझा आवाज, आई. मी ओ देणारच होते. तू माझ्या तोंडावर हात ठेवलास, आठवतंय? म्हणालीस, दुपारची हाक आहे, ओ द्यायची नाही. लक्ष नको देऊस तिच्याकडे. वर्षानुवर्षं पडलीय ती तिथे, जळत असते आपल्यावर..."

बाहेर रस्त्यावर एक माणूस नव्हतं. झडपांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या छतावर पडल्या होत्या. भर दुपार होती.

मी म्हटलं, "सिरीन..."

ती गप्प झाली. फोन चालू होता. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"सिरीन, बाळा, मी आई..."

तिने ओ दिली नाही. बऱ्याच वेळाने फोनमधून, भिंतीपलीकडून यावं तसं दबकं हसू ऐकू आलं. आधी बारीक. मग जाडसर.